पंखा बंद

नाताळची गाणी मे महिन्यात करावी लागतात.
मिक्सिंग, कव्हर, छपाई, सगळं धरलं
तर डिसेंबर येतोच,
आणि ऐन लग्नसराईत तबिथाबाईंना चार दिवस मोकळे मिळाले
कारण ऑर्केस्ट्राच्या मालकाची सासू वारली.

भुसावळ. सेहेचाळीस अंश.
टायरच्या दुकानावर माझी खोली,
भिंतींना आतून अकरा गोधड्या ठोकलेल्या,
आईच्या, मावशीच्या, एक जुन्या बाजारातली,
बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून.
आवाज येत नाही. ऊन येतं.
कूलर चालत नाही, पंखा चालत नाही,
माइकला पातं ऐकू जातं.

त्या उभ्या राहिल्या. चोपड्याच्या ईनॉक मास्तरांची मुलगी.
बावीस वर्षं दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या मांडवात,
हळदीला, वरातीला, नगरसेवकाच्या वाढदिवसाला.
पदर खोचला, मानेवर ओला नॅपकिन,
मी बोट वर केलं
आणि त्या गाऊ लागल्या
की रात्र फार गार आहे आणि मेंढरं अंगाला अंग लावून निजलीत.

मला हसू आलं, खरं सांगतो.
त्यांनाही आलं.
पहिला टेक गेला.

दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले,
आवाज खाली नेला, आणखी खाली,
आणि माझ्या दंडावर काटा आला.
घाम आणि काटा, एकाच कातडीवर.
मी दंडाकडेच बघत बसलो, लेव्हल लाल झाली ते कळलंच नाही.
तिसरा टेक ठेवला.

विचारलं, थंडी कुठून आणली?
म्हणाल्या, "यावलच्या रस्त्याला पहाटे केळीला पाणी सोडायचे.
दोन्हीकडे बागा, मधून आमची सायकल,
बाबांची पेटी कॅरियरला, मी दांडीवर.
बोटं वळायची नाहीत.
बेथलेहेम मी कुठं पाहिलंय, भाऊ."

नऊ गाणी. पाच नाताळची,
त्यातली तीन बाबांच्या वहीतली,
ज्यांचं मराठी इतकं सोवळं
की गव्हाणीतसुद्धा शेणाचा वास नाही.
चार इतरांची:
उरुसात ऐकलेली एक कव्वाली,
एक एकतारीवरचं भजन,
एक जात्यावरची अहिराणी ओवी.
चर्चच्या कमिटीनं विचारलं, ही कशाला?
त्या म्हणाल्या,
"वाढदिवस आहे. पाहुणे येणारच."

नववं ठरलंच नव्हतं.
चौथ्या दिवशी तीनला लाइट गेली.
आई खालून ताक घेऊन आली,
गुणगुणत आली, कानबाईचं काहीतरी,
आणि बाईंचा पेला तोंडापाशी थांबला.
"मावशी, पुन्हा म्हणा."
आई लाजली. पदराआड म्हटलं. दोनदा.
बाई म्हणाल्या, "शब्द तुमच्यापाशी राहू द्या. नुसती चाल द्या मला."

लाइट आली तशी त्या गायल्या,
ओठ मिटून, साडेतीन मिनिटं,
खाली टायर ठोकणारा पोरगाही थांबला होता,
किंवा जेवायला गेला असेल.
आई पारोळ्याची, तिनं शांतपणे सांगितलं,
"शेवटले चाल पडनी, बाई."
पडली होती. तशीच ठेवली.
कव्हरवर नवव्या ओळीत फक्त आकडा आहे.

डिसेंबरात स्टेशनबाहेरच्या मोबाइलवाल्यानं
स्पीकर फुटपाथवर काढून तेच लावलं.
पहाटेचे सहा, तोंडातून वाफ,
भरताच्या वांग्यांची पोती उतरत होती,
रिक्षावाले मफलर गुंडाळून शेकोटीला.
कुणी मान हलवत नव्हतं, कुणी उठूनही जात नव्हतं.
पहिल्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी एक जागा आहे,
लोकांना तिथं गार रात्र ऐकू येत असेल.
मला पंखा बंद असल्याचं ऐकू येतं,
आणि तापलेल्या गोधड्यांचा वास.

नवव्याचा शेवट मी कापला नव्हता.
विसरलो, असं बाईंना सांगितलंय.
चाल पडते, श्वास सुटतो,
आणि मग धुक्यात, शेकोटीवर हात धरलेल्या सगळ्यांना
एक दमलेली बाई सांगते,

"आते पंखा लाव, भाऊ."